घाबरवायचं कुणाला?

गॅदरिंग जवळ आलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन साथी हमखास येतात. एक तापाची आणि दुसरी शॉर्ट फिल्मची. त्यातही हॉरर थ्रिलरचं पीक जास्त. कारण उघड आहे! लांबलचक कॉरिडॉर, लुकलुकणारी ट्यूब, रात्री दोनला रडणारी कुत्री आणि आठ दिवस दाढी न केलेले कलाकार, हे सगळं आपल्याकडे फुकट मिळतं. यंदा तर नवीन टूम निघाली आहे. पूर्ण फिल्म नाही, फक्त दोन मिनिटांचं 'ओपनिंग' करायचं. कल्पना चांगली आहे. सबमिशनच्या धामधुमीत दोन मिनिटंच झेपतात.

मी अशा फिल्म्सचं एडिटिंग करतो. म्हणजे शूटिंग उरकून बाकीचे झोपतात तेव्हा मी जागा असतो. म्हणून एका गोष्टीबद्दल जरा स्पष्ट लिहितो. एका ग्रुपच्या प्लॅनिंगमध्ये परवा एक 'भारी आयडिया' निघाली. फर्स्ट इयरच्या एका मुलाला काही न सांगता स्टोअर रूममध्ये पाठवायचं, बाहेरून कडी लावायची, लाइट घालवायचा आणि आत लपवलेल्या मोबाइलवर सगळं शूट करायचं. "त्याला ॲक्टिंग येत नाही रे, निदान रिॲक्शन तरी खरी मिळेल!" हा त्यामागचा तर्क. आयडिया अजून कागदावरच आहे. ती तिथेच राहावी म्हणून हा लेखनप्रपंच.

माणुसकीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. सिनेमा म्हणूनसुद्धा ही आयडिया फालतू आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला होता. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सूपचा वाडगा जोडला, तर कधी शवपेटी. प्रेक्षकांना तोच चेहरा एकदा भुकेला वाटला आणि एकदा दुःखी! चेहऱ्यावर काय आहे यापेक्षा शेजारच्या शॉटमध्ये काय आहे, यावर सगळा खेळ असतो. मग खऱ्या किंकाळीची गरजच काय?

यावर कुणीतरी हिचकॉकचं नाव काढणार, हे मला माहीत आहे. 'द बर्ड्स' (१९६३) मध्ये माळ्यावरच्या हल्ल्याच्या सीनसाठी टिपी हेड्रनला यांत्रिक पक्षी असतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात पाच दिवस तिच्या अंगावर जिवंत पक्षी सोडले गेले. डोळ्याजवळ जखम झाली आणि तिला सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. पण गंमत बघा, त्याच सिनेमातला शाळेबाहेरचा सीन आठवा. ती बाकावर बसून निवांत सिगारेट ओढते आहे. मागे मुलांच्या खेळण्याच्या सांगाड्यावर एक कावळा येऊन बसतो. मग चार. शाळेतून मुलांचं गाणं ऐकू येतंय. ती वळून बघते तोवर सगळा सांगाडा काळा झालेला! त्या सीनमध्ये बराच वेळ ती अजिबात घाबरलेली नसते, घाबरलेले असतो आपण. आणि त्यासाठी तिला एक ओरखडासुद्धा काढावा लागला नाही.

स्पीलबर्गच्या 'जॉज' (१९७५) चं तसंच. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून तो बराच काळ दाखवताच आला नाही. सुरुवातीच्या सीनमध्ये तर शार्क दिसतच नाही. तरी लोक पाण्यात उतरायला घाबरले. मेकॅनिकलवाल्यांनी तरी हे लक्षात ठेवावं, मशिन फेल गेलं तरी डिझाइन पास होऊ शकतं!

आता आपली तीच स्टोअर रूम घ्या. पहिला शॉट बाहेरून: एक हात सावकाश कडी सरकवतो. दुसरा शॉट आतून: मुलगा गुणगुणत गाद्या मोजतोय, त्याला पत्ताच नाही. झालं काम! दोन्ही शॉट वेगवेगळे घ्या. आतला शॉट घेताना दार सताड उघडं असलं तरी कॅमेऱ्याला काय कळतंय? हे जमायला मेकअप लागत नाही, प्लॅनिंग लागतं. ग्राफ पेपरवर १२० चौकोन आखा, एका चौकोनाला एक सेकंद. प्रत्येक शॉटखाली तीन गोष्टी लिहा: काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि प्रेक्षकाला असं काय माहीत आहे जे पात्राला माहीत नाही. तिसरा रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला तर कॅमेरा उचलूच नका.

बाकीचं सोपं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या ट्यूबखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर पडद्यावर पट्टे नाचतात. आवाज दुसऱ्या मोबाइलवर, कलाकाराच्या जवळून घ्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगमध्ये जुळवता येतो. पंखा बंद करून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी सुरू करा, बघा काटा येतो की नाही.

आता बाजूला ठेवलेला मुद्दा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात मारहाणीइतकाच 'भीती निर्माण करणं' हाही रॅगिंगचाच भाग आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. 'फिल्मसाठी केलं' अशी सूट त्यात नाही. पण कायदा नसता तरी काय? घरापासून पहिल्यांदाच लांब आलेल्या पोराला अंधारात कोंडून त्याची किंकाळी सगळ्या हॉलला ऐकवायची, याला दिग्दर्शन म्हणत नाहीत.

स्टाफलाही एक विनंती. परवानगी मागितली की सरसकट 'नाही' मिळतं, म्हणून पोरं रात्री दोनला गच्चीवर चोरून शूट करतात. त्यापेक्षा अर्जासोबत शॉट लिस्ट आणि कलाकारांच्या सह्या मागा, रात्री अकरापर्यंतची वेळ द्या आणि स्टोअरची किल्ली स्वतःकडे ठेवा. चोरून होणाऱ्या गोष्टी आपोआप कमी होतील.

आणि मित्रांनो, घाबरवायचंच असेल तर गॅदरिंगला हॉलमध्ये बसलेल्या पब्लिकला घाबरवा की! ते बिचारे त्यासाठीच, स्वतःच्या पायांनी चालत आलेले असतात.