दोन घड्याळे, एक खण

सांगलीचा माझा भाचा गेल्या पंधरवड्यात दोनदा घरी येऊन गेला. हळदीच्या सौद्यात पोत्यामागे पाच रुपयांसाठी तासभर ताणून धरणारा हा माणूस. पण या दोन्ही वेळा त्याच्या तोंडी हळदीचे नाव आले नाही. "मामा, दोन घड्याळांपैकी एक घ्यायचे आहे. तुम्ही सांगाल ते घेतो," एवढेच त्याचे पालुपद. तुम्ही सांगाल ते घेतो असे म्हणणारा माणूस बहुधा मनात काहीतरी ठरवून आलेला असतो, हे पेढीवर चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. म्हणून मी लगेच उत्तर दिले नाही.

त्याच्याकडे सहा खणांची एक सागवानी पेटी आहे. पाच खण भरलेले आहेत, एक रिकामा. सहाच्या वर घड्याळ बाळगायचे नाही, ही मर्यादा त्याने स्वतःच घातलेली. घरात कोणी सुचविली नव्हती. त्यामुळे हा शेवटचा खण. आधीची चार घड्याळे त्याने हौसेने आणि थोड्या घाईने घेतली, हे तोही कबूल करतो. पाचवे, म्हणजे पेटीतले पहिले, मात्र विकत घेतलेले नाही. ते आमच्या दाजींचे एचएमटी जनता. रोज सकाळी दुकान उघडून गादीवर बसले की दाजी आधी त्याला चावी देत आणि मगच वहीला हात लावीत. दाजींना जाऊन आता तीन वर्षे झाली.

निवड होती ती ओमेगाचे स्पीडमास्टर प्रोफेशनल आणि जेगर-लकुल्त्रचे रिव्हर्सो यांमध्ये. दोन्ही स्विस, दोन्ही पोलादी केसची, आणि दोन्ही हाताने चावी द्यायची. हा शेवटचा गुण भाच्याने मुद्दाम पाहिला असावा.

स्पीडमास्टरची कीर्ती चंद्रावरची. पण ते बाजारात आले १९५७ साली, मोटारींच्या शर्यतीतील वेळ मोजण्यासाठी. काचेभोवतीच्या कड्यावर वेग काढण्याचे आकडे असतात ते त्याचमुळे. पुढे अमेरिकेच्या नासाने अंतराळवीरांसाठी निरनिराळ्या कंपन्यांची घड्याळे मागवून त्यांची कसोटी घेतली. ७१ अंश सेल्सियसच्या उष्णतेत दोन दिवस, त्यावर अर्धा तास ९३ अंशांत, मग शून्याखाली १८ अंशांच्या थंडीत चार तास. शिवाय हादरे, दमटपणा, निर्वात पोकळी. या सगळ्यांतून एकटे स्पीडमास्टर उतरले आणि १ मार्च १९६५ रोजी त्याला मान्यता मिळाली. १९६९ च्या जुलैत ते बझ ऑल्ड्रिन यांच्या मनगटावरून चंद्रावर गेले. नील आर्मस्ट्रॉंग यांनी आपले घड्याळ यानातच ठेवले होते, कारण यानातील इलेक्ट्रॉनिक घड्याळ बंद पडले होते. ऑल्ड्रिन यांचे ते घड्याळ पुढे संग्रहालयाकडे पाठवताना वाटेतच गहाळ झाले, ते आजतागायत मिळालेले नाही. चंद्रावरून सुखरूप आलेली वस्तू पार्सलात हरवते, हे वाचून ट्रान्सपोर्टशी रोजचा संबंध असलेल्या आपल्या मंडळींना फारसे आश्चर्य वाटणार नाही.

आणखी एक प्रसंग मला त्याहून मोठा वाटतो. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानात स्फोट झाला. वीज वाचवण्यासाठी बहुतेक यंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या. परतीच्या वाटेची दिशा सुधारताना यंत्र अवघे १४ सेकंद चालवायचे होते, आणि ते १४ सेकंद याच घड्याळावर मोजले गेले.

आजच्या स्पीडमास्टरमध्ये ३८६१ क्रमांकाचे यंत्र आहे. एकदा पूर्ण चावी दिली की ५० तास चालते. केस ४२ मिलिमीटरची. मनगट बारीक असेल तर ती भरून उरते. काचेत दोन प्रकार मिळतात. नीलमणी काचेवर सहसा ओरखडा पडत नाही. हेसलाइट हे एक प्रकारचे प्लॅस्टिक. त्यावर ओरखडे पडतात, पण घासून पुसताही येतात, आणि चंद्रावर गेलेल्या घड्याळाला तेच होते. घ्यायचे तर हेसलाइट घ्यावे, असे माझे मत.

रिव्हर्सोची जन्मकथा मात्र आपल्या भूमीशी जोडलेली आहे. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटत. सेझार द त्रे हे घड्याळांचे व्यापारी येथे आले असता ही तक्रार त्यांच्या कानी पडली, असे सांगतात. त्यांनी ती ल संतिए येथील झाक-दाविद लकुल्त्र यांच्याकडे नेली. रने-आल्फ्रेद शोव्हो या अभियंत्याने आराखडा केला आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. केस आपल्या चौकटीत बाजूला सरकवायची आणि उलटी करायची. काच आत जाते, पोलादी पाठ वर येते. यापलीकडे त्यात काही नाही, आणि हेच मला त्यात सर्वांत आवडते. खोड सापडली, तिच्यावर उपाय शोधला आणि तेथेच थांबले.

व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा असा भाग पुढचा आहे. पोलोची गरज ओसरली, गोल घड्याळांची चलती आली, मग क्वार्ट्झच्या बॅटरीवरील घड्याळांनी स्विस धंद्याचे कंबरडेच मोडले. रिव्हर्सो जवळपास बंद पडले होते. १९७० नंतरच्या त्या पडत्या काळात इटलीतील एका विक्रेत्याने कारखान्यात पडून राहिलेल्या सुमारे दोनशे रिकाम्या केसेस उचलल्या, त्यांत यंत्रे बसवून घेतली आणि थोड्याच दिवसांत माल संपवला. ज्याला कारखाना मेलेला माल समजत होता, त्याच्यावर पुढे त्याच कारखान्याचे नाव उभे राहिले. माल मेलेला असतो की गिऱ्हाईक सापडलेले नसते, हा प्रश्न आपल्या गोदामातही पडतो.

भाच्याने पाहिलेला प्रकार एका तबकडीचा, खाली छोटा सेकंदकाटा असलेला. यंत्र ८२२ क्रमांकाचे, ४२ तास चालणारे. दाजींसारखी रोज सकाळी चावी देण्याची सवय असेल तर ४२ काय आणि ५० काय. शनिवारी विसरलात तर मात्र सोमवारी काटे पुन्हा लावावे लागतील. पाण्याशी दोघांचेही फारसे सख्य नाही, रिव्हर्सोचे तर मुळीच नाही. हमी ओमेगाची पाच वर्षांची. जेगर-लकुल्त्रकडे नोंदणी केली तर आठ वर्षांची.

एक गोष्ट आपल्या घरांत विचारली जातेच. स्पीडमास्टर पोलादी साखळीवर मिळते. हे रिव्हर्सो मात्र चामड्याच्या पट्ट्यासह येते. भाच्याने विक्रेत्याला आधीच सांगितले होते की चामडे घरात येणार नाही. कापडी पट्टा बसवून देणार असाल तरच बोलू. विक्रेत्याला त्यात नवल वाटले नाही. असे ग्राहक त्याच्याकडे नेहमी येतात.

हिशेबाचेही दोन शब्द. भारत आणि एफ्टा देशांतील करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. म्हणून थांबावे काय? मला तसे वाटत नाही. शुल्क उतरते तशा कंपन्यांच्या किमती चढतातही. दहा लाखांवरील घड्याळावर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस लागतो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. परदेशातून आणायचे तर विमानतळावर जाहीर करूनच आणावे. मनगटावर घालून गुपचूप बाहेर पडलेल्यांच्या कथा आपण लग्नकार्यांत हसत ऐकतो. त्या मला कधीच आवडल्या नाहीत.

दुसऱ्या भेटीत मी त्याला माझे मत सांगितले : स्पीडमास्टर घे. कणखर आहे, साखळी पोलादी आहे, उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक लगेच मिळेल. तो ऐकून घेत होता. मग त्याने खिशातून एक कागद काढला. दाजींच्या जुन्या रोजमेळाच्या एका पानाची ती झेरॉक्स होती. पानाच्या तळाशी त्यांची सही, मोडी वळणाची, शेवटी खाली ओढलेली एक लांब रेघ. "मामा, रिव्हर्सोच्या पाठीवर हे कोरून मिळते."

कोरलेले घड्याळ विकायला गेलास तर गिऱ्हाईक अर्धेही उरणार नाही, असे मी म्हणालो. "विकायचे नाहीच ना," तो म्हणाला. मी तासभर ज्या हिशेबाने बोलत होतो, तो त्याच्या प्रश्नाचा हिशेबच नव्हता. पेटीतली मधली चार घड्याळे चांगली आहेत, महाग आहेत. पण त्यांतील एकही त्याला त्या पहिल्या खणाच्या शेजारी शोभत नव्हते. मी माझा सल्ला तेथेच मागे घेतला.

रिव्हर्सो गेल्या आठवड्यात आले. कापडी पट्टा, गडद निळा. पाठ अजून कोरी आहे. सहीच कोरावी, की तिच्याखाली तारीखही, आणि तारीख घालायची तर दाजी गेले ती की दुकान सुरू केले ती, यावर माझ्या बहिणीचे आणि भाच्याचे अजून एकमत व्हायचे आहे. तोवर तो रोज सकाळी गादीवर बसून आधी जनताला आणि मग त्याला चावी देतो.