‘पुश’ आणि ‘शव्ह’

इंग्रजी शब्दाचा एक मराठी प्रतिशब्द पाठ झाला म्हणजे तो शब्द आला, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांत फार पसरली आहे. ती घातक आहे, असें आमचें मत आहे. ‘पुश’ म्हणजे ढकलणें आणि ‘शव्ह’ म्हणजेही ढकलणें, असें वहींत टिपून घेणाऱ्या एका विद्यार्थ्यानें निबंधांत आपल्या आजारी आजोबांची चाकांची खुर्ची बागेंत ‘शव्ह’ केली! बिचाऱ्यानें केली सेवा, पण शब्दानें त्यास उद्धट ठरविलें.

‘पुश’मध्यें बळ असतें, परंतु तें प्रेमानें लाविलें कीं रागानें, हें तो शब्द सांगत नाहीं. आई बाळाची गाडी ‘पुश’ करते, आणि बंद पडलेली मोटार चार जण मिळून ‘पुश’ करतात. ‘शव्ह’मध्यें बहुधा आडदांडपणा किंवा निष्काळजीपणा असतो. गर्दींत कोपर मारून दुसऱ्यास बाजूस करणें, पुस्तकें कशीं तरी पेटींत कोंबणें, हें ‘शव्ह’. प्रसंग निकरावर आला म्हणजे ‘पुश’चा ‘शव्ह’ होतो, अशा अर्थाचा वाक्प्रचारच इंग्रजींत आहे. दोहोंचीं कुळेंही निराळीं. ‘पुश’ लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनें आला. नाडीस म्हणतात तो ‘पल्स’ त्याचा भाऊबंद. ‘शव्ह’ हा जुन्या इंग्रजींतला. फावड्याचें ‘शव्हल’ हें नांव त्याच्याच गोत्राचें.

असा भेद मराठीस नवा नाहीं. ताट पुढें सारावें, दार लोटावें, गाडा ढकलावा. आणि रेटारेटी करणाऱ्यास कोणी सभ्य म्हणत नाहीं. यांची अदलाबदल घरांतील आजीही खपवून घेणार नाहीं. मग परभाषेंतच एवढी ढिलाई कां?

हा प्रश्न केवळ परीक्षेंतील गुणांचा नाहीं. मैदानावर दोन मुलांचा तंटा होतो, एक पडतो, आणि तिसऱ्यास विचारतात, “तूं काय पाहिलेंस?” ‘पुश’ म्हणणारा घडलेली गोष्ट सांगतो, ‘शव्ह’ म्हणणारा तिच्याबरोबर दोषही लावितो. तो दोष खरा असेल तर अवश्य सांगावा. पण शब्द न समजल्यामुळें निरपराध मुलास शिक्षा झाली, तर ती चूक व्याकरणाची म्हणून सोडून देतां येईल काय?

यास्तव विद्यार्थ्यांनीं नवा शब्द एकटा न टिपतां वाक्यासह टिपावा. पालकांस इंग्रजी येत नसलें तरी हरकत नाहीं. त्यांनीं मुलास “अर्थ काय?” एवढेंच न विचारतां, “हा शब्द कोठें चालणार नाहीं?” असेंही विचारावें. उत्तर शोधतांना मूल आपोआप विचार करूं लागेल.