तालमीचा रोज कोण देणार?

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला आणि शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबणारी बाई. हजारो लोकांपुढे त्या उभ्या राहिल्या आणि ठणकावून बोलल्या. त्यांच्या दुःखाबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. मैत्रिणींनो, मला मात्र एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वैशालीताईंनी त्याआधी ‘तेरवं’ या नाटकात काम केलं होतं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं हे नाटक. शेतकऱ्यांच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायाच त्यात काम करतात. म्हणजे उद्घाटनाच्या मंचावर आलेली बाई आधी तालमीतून गेलेली होती. चारचौघांत उभं राहणं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं, मध्येच कोणी हसलं तरी वाक्य पुरं करणं, हे सगळं सरावाने येतं. आभाळातून पडत नाही.

आमच्या दारव्हा तालुक्यात गावोगाव बैठका घेताना हे रोज दिसतं. ग्रामसभेत बाया भिंतीला पाठ लावून बसतात. विचारलं तर “तुमीच बोला ना ताई” म्हणतात. आणि याच बाया भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या गाण्यांत सासरच्या साऱ्या गोताची उणीदुणी काढतात, तेव्हा कोणाची भीडमुर्वत ठेवत नाहीत. बंजारा तांड्यांवर श्रावणात तीज बसते. मुली नऊ दिवस टोपल्यांतला गहू जोपासतात, गाणी म्हणतात, फेर धरतात. बायांना आवाज नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तांड्यावर येऊन बघावं. आवाज आहे, पण तो सणापुरता आणि अंगणापुरता राखलेला आहे. त्याला चावडीवर यायची वाट करून दिलेली नाही.

कायद्याने वाट केली, असं कोणी म्हणेल. खरं आहे. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचं बंधनही आहे. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात मेटीखेड्याला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या लाटेत सगळ्याच्या सगळ्या बायांची ग्रामपंचायत निवडून आली होती. तरीही कितीतरी गावांत आज कारभार ‘सरपंचपती’च बघतात आणि महिला ग्रामसभेचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा होतात. खुर्ची मिळाली, पण बोलण्याची सवय खुर्चीसोबत येत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की गावातल्या बायांच्या गाण्या-नाटकाच्या गटांना सार्वजनिक पैसा मिळाला पाहिजे, आणि तो तालमीसाठी मिळाला पाहिजे.

आज पैसा नाही असं नाही. साहित्य संमेलनाचं शासकीय अनुदान वाढत वाढत २ कोटींवर गेलं. जिल्ह्याजिल्ह्यांत सांस्कृतिक महोत्सव होतात, मांडव पडतात, मुंबई-पुण्याचे कलाकार येतात, आणि आपल्या बाया सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. ज्येष्ठ कलावंतांना शासन महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं. चांगलीच योजना आहे. पण त्यासाठी पन्नाशी ओलांडायला हवी आणि कलेचे पुरावे दाखवायला हवेत. जात्यावर, तांड्यावर, भुलाबाईपुढे जन्मभर गायलेल्या बाईने कुठलं प्रमाणपत्र आणायचं? आणि कलापथकांना मिळणारं काम म्हणजे बहुधा योजनांचा प्रचार. शौचालय बांधा, विमा काढा. बाईच्या तोंडी शासनाची वाक्यं घालून तिचा सहभाग कसा वाढणार?

थोडा हिशेब मांडते. बारा बायांचा गट. पंधरा तालमी. तालमीच्या दिवशी मजुरी बुडते म्हणून माणशी ३०० रुपये रोज धरला तर ५४,००० रुपये झाले. त्यात एसटीचं भाडं (२०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, हे एक बरं झालं), लेकरं सांभाळणाऱ्या बाईचा मेहनताना, चहा-पोहे, ढोलकी, माईक आणि चार-पाच गावांतले प्रयोग धरले तरी आकडा लाखाच्या आसपास राहतो. एका संमेलनाच्या अनुदानात असे २०० गट उभे राहतील. जिल्ह्यात तालुके १६. म्हणजे तालुक्याला बारा. संमेलन बंद करा असं मी म्हणत नाही. पण ‘बायांना वेळ नसतो’ हे वाक्य ज्या सहजपणे फेकलं जातं, त्याच्यामागे हा रोजाचा प्रश्न आहे. कापूस वेचायला गेली नाही तर संध्याकाळी चूल पेटत नाही, ती बाई फुकट तालमीला येणार नाही. येऊ शकणाऱ्या मग त्याच येतात, ज्यांच्या घरी शेत आहे आणि सून आहे. फुकटच्या कलेत कोण उरतं ते जातीनिशी मोजून पाहा. भीमगीतं म्हणणाऱ्या मजूर बाया, पारध्यांच्या बेड्यावरच्या मुली, दारव्हा शहरातल्या मुस्लिम मैत्रिणी त्यात दिसणार नाहीत.

आपल्याच चळवळीतून एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. शासनाचा पैसा घेतला की धार जाते. ‘मुलगी झाली हो’ स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये उभं केलं ते काही शासकीय योजनेची वाट बघत नव्हे. पण आंध्रातलं उदाहरणही विसरू नका. नेल्लोर जिल्ह्यात शासनाच्याच साक्षरता मोहिमेत कलाजथे फिरले, बाया रात्रीच्या वर्गात बसू लागल्या, वाचनपाठातल्या सीतम्माच्या गोष्टीवर बोलू लागल्या. १९९२ मध्ये दुबगुंटाच्या बायांनी गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. ती आग जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली आणि १ ऑक्टोबर १९९३ ला आंध्र शासनाला अर्रक बंद करावी लागली. पैसा शासनाचा होता. पण गोष्टीवर चर्चा करताना बायांच्या तोंडावर कोणी हात ठेवला नव्हता. दारूबंदीसाठी ‘स्वामिनी’च्या नावाने रस्त्यावर उतरलेल्या यवतमाळच्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तेव्हा पैसा घ्यावा, पण अटी आपण घालाव्यात. विषय गट ठरवेल. संहिता आधी कुठल्या साहेबाला दाखवली जाणार नाही. खात्यावर गटातल्याच दोघींच्या सह्या असतील. आणि प्रयोग झाल्यावर तिथेच, मांडवातच, गावाशी बोलणं होईल. ते बोलणं कार्यक्रमाचाच भाग धरलं जाईल.

सुरुवात मुंबईपासून करायची गरज नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. लहान गावात ती रक्कम फारशी नसते आणि बहुतेक वेळा शिलाई मशीनमध्ये संपते. (शिलाई मशीनचं मला वावडं नाही, पण एका गावात किती बाया ब्लाऊज शिवणार?) पाच-सहा गावांनी मिळून एक गट उभा केला तर हीच रक्कम पहिल्या उन्हाळ्याच्या तालमींना पुरू शकेल. उन्हाळाच म्हणते, कारण भुलाबाई संपते तोवर सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी अंगावर येते; मोकळे दिवस कापूस निघाल्यापासून पेरणीपर्यंतचे. दारव्ह्याहून जाणारी शकुंतला बंद पडली, शेवटची एसटी गाठायची असते, तेव्हा तालीम दुपारी ठेवावी लागेल आणि गावातल्या शाळेची एक खोली मागून घ्यावी लागेल.

येत्या महिला ग्रामसभेत हा ठराव मांडा. ठरावात ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असं मोघम लिहू नका, नाहीतर पैसा मांडववाल्याकडे जाईल. ‘महिला गटाच्या तालमीचा रोज’ असंच लिहून घ्या, रक्कम आकड्यात आणि अक्षरात टाका, आणि ग्रामसेवकाकडून नक्कल घेतल्याशिवाय उठू नका.