चांदी, चिवट जंतू आणि डाळिंबाची साल



रात्री दात न घासता झोपलं, की सकाळी जिभेला दातांवर एक बुळबुळीत थर लागतो. ते कीटण म्हणजे जंतूंची भरवस्ती. जंतू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती साखरेच्या साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट लगदा तयार करतात आणि त्यात सुखाने राहतात. याला बायोफिल्म म्हणतात. दातांवरची बायोफिल्म ब्रशने निघते. पण तीच लघवीच्या नळीत, गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर किंवा मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेत जमली, की डॉक्टरांच्याही नाकी नऊ येतात.

कारण अँटिबायोटिक त्या लगद्यातून नीट आत शिरत नाही. शिरलं, तरी आतले बरेच जंतू निपचित पडलेले असतात, आणि बहुतेक अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवरच चांगली चालतात. त्यात दाटीवाटीने राहणारे हे शेजारी औषधाला दाद न देण्याची जनुकंही एकमेकांना देतात. 2019 साली औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेली, असा 'लॅन्सेट'मधला अंदाज आहे.

हा विषय आमच्या घरात आला तो आत्याच्या पायामुळे. तिला वीस वर्षांचा मधुमेह, टाचेजवळची जखम भरेना. डॉक्टरांनी जखम खरवडून साफ केली आणि चांदी असलेली पट्टी लावली. लगेच घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: 'नॅनो चांदीचे थेंब रोज प्या, जखम आतून भरेल.' आत्या मला म्हणाली, "तू इंजिनिअर ना रे, बघ जरा खरं काय ते." म्हणून वाचायला बसलो.

चांदीचा वापर जुनाच. 1880 च्या सुमारास जर्मनीत क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालून अंधत्व टाळायला सुरुवात केली. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम 1968 मधलं. नॅनोकण म्हणजे 1 ते 100 नॅनोमीटरचे कण. केसाची जाडी 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. कण इतके बारीक केले, की तेवढ्याच चांदीचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि तिच्यातून चांदीचे आयन हळूहळू सुटत राहतात. 2004 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून असे कण तयार करून दाखवले होते.

चांदी मारते कशी? आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. बहुतेक अँटिबायोटिक्स एकाच कुलपाची किल्ली असतात. जंतूने कुलूप बदललं की किल्ली निकामी. चांदी एकाच वेळी दार, वायरिंग आणि मीटर, तिन्हींवर घाव घालते. ती जंतूचं आवरण फाडते, गंधक असलेल्या प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बंद पाडते आणि पेशीत घातक ऑक्सिजन रेणू निर्माण करते. 2013 मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं, की थोडी चांदी सोबत दिली तर नेहमीची अँटिबायोटिक्स जास्त जोमाने काम करतात.

मग चांदीला जंतू कधीच दाद देत नाहीत असं होईल का? तर नाही! 1975 सालीच बॉस्टनच्या एका रुग्णालयात, भाजलेल्यांच्या वॉर्डमध्ये, चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला आणि काही रुग्ण दगावले. त्यामागची जनुकं 1999 मध्ये उलगडणाऱ्या गटात एका संशोधकांचं आडनावच सिल्व्हर होतं! 2018 मध्ये चेक संशोधकांनी आणखी एक गंमत दाखवली. ई. कोलाय जंतूंना वारंवार थोडी थोडी नॅनोचांदी दिली, तेव्हा ते आपल्या शेपटीचं फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन बाहेर सोडू लागले. त्यामुळे चांदीच्या कणांच्या गुठळ्या झाल्या आणि त्यांची धार गेली. यावर उतारा काय सापडला? डाळिंबाच्या सालीचा अर्क! त्याने फ्लॅजेलिन बनणंच रोखलं. (हे काचेच्या भांड्यातलं आहे हं. जखमेवर साल उगाळून लावू नका.)

आता थेंबांबद्दल. पट्टीतली चांदी जखमेवरच राहून काम करते, तीही डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. पोटात घेतलेली चांदी शरीरात साठत जाते आणि कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते. याला अर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा परत जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1999 मध्येच स्पष्ट केलं, की प्यायची चांदी कुठल्याही आजारावर सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही.

आत्याला एवढंच सांगितलं: थेंब नकोत, साखर ताब्यात ठेव, पट्टी डॉक्टर म्हणतील तेव्हाच बदल, अँटिबायोटिकचा कोर्स मधेच सोडू नकोस. जखम हळूहळू भरतेय.

तुम्हा तरुण मंडळींना एक काम. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर असले फॉरवर्ड रोज येतात. नुसतं "खोटं आहे" म्हणून सोडू नका, शेजारी बसून का ते समजावा. आणि औषधांच्या डब्यात अर्ध्यावर सोडलेली अँटिबायोटिकची पाकिटं पडली असतील, तर तीही या रविवारी शोधा. चांदीलाही चकवणाऱ्या जंतूंना आपणच आणखी सराव कशाला द्यायचा?