जंबो कोळंबीचे वाण सुधारले. अस्सल बीज तळ्यापर्यंत पोहोचणार का?

लालबाग, प्रतिनिधी

गिरणगावातील कोकणी कुटुंबांच्या ताटात कोळंबीचे स्थान काय, हे लालबागकरांना सांगण्याची गरज नाही. मात्र १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते आणि समुद्राची ताजी कोळंबी बाजारात दुर्मिळ होते. तळ्यात वाढणारी गोड्या पाण्यातील जंबो कोळंबी ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. व्यापारी भाषेत तिला 'स्कॅम्पी' म्हणतात. तथापि, या कोळंबीचा गेल्या दोन दशकांतील इतिहास उतरणीचा आहे.

२००५-०६ मध्ये देशातील स्कॅम्पीचे उत्पादन ४२ हजार टनांच्या पुढे गेले होते. २००९-१० पर्यंत ते १० हजार टनांच्याही खाली घसरले. शेपटी पांढरी पडून पिले मरण्याचा विषाणूजन्य रोग हे त्याचे एक कारण. दुसरे कारण बीज केंद्रांतच दडलेले होते. नदीतून नवे प्रजनक आणण्याऐवजी तळ्यातीलच मोजक्या माद्या पिढ्यान् पिढ्या वापरल्या गेल्या. जवळच्या नात्यातील या संकरामुळे वाढ खुंटली. २००९ मध्ये व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाल्यावर अनेक शेतकरी तिकडे वळले.

कोळंबीच्या संकराचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. जंबो कोळंबी आणि गोदावरीत आढळणारी तिची भावकी यांच्या संकराचे प्रयोग रत्नागिरीचे संशोधक के. एन. सांकोल्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले होते. त्यावरील निबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००७ मध्ये भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने 'वर्ल्डफिश' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने वेगळी वाट धरली. गुजरात, केरळ आणि ओडिशा येथील कोळंबी आणून त्यांचा आपापसांत संकर करण्यात आला.

हा संकर म्हणजे केवळ सुरुवात होती. तीन प्रदेशांतील आनुवंशिक विविधता एकत्र आणणे, हा त्याचा हेतू. खरे काम त्यानंतरच्या निवडीचे. प्रत्येक मादीची पिले प्रथम वेगळी वाढवायची, त्यांना रंगीत खुणा टोचायच्या, मग सर्वांना एकाच तळ्यात सोडायचे आणि काढणीच्या वेळी वजन करून सरस कुटुंबांतील नर-मादी पुढील पिढीसाठी ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. नात्यातील जोड्या कटाक्षाने टाळल्या जातात. या प्रयत्नांतून 'सीफा जीआय स्कॅम्पी' हे सुधारित वाण तयार झाले.

वाण तयार झाले, तरी प्रश्न संपलेला नाही. जंबो कोळंबी गोड्या पाण्यात वाढते. पण तिच्या अळ्यांना पहिले काही आठवडे निमखारे पाणी लागते. साहजिकच बीज केंद्र किनाऱ्याजवळ सोयीचे, तर तळी विदर्भापर्यंत पसरलेली. शिवाय बोटाच्या पेरापेक्षाही लहान पिलू पाहून ते सुधारित वाणाचे की साधे, हे शेतकऱ्याला ओळखता येत नाही. फसवणूक झाली तर ती काही महिन्यांनी, काढणीच्या वेळी कळते. तोपर्यंत खाद्याचा खर्च झालेला असतो.

वाणसुधारणेलाही मर्यादा आहेत. एकाच तळ्यात निळ्या नांगीचे काही नर दांडगे होतात आणि बाकीचे खुरटे राहतात, हा या जातीचा स्वभाव आहे. त्यासाठी मोठे नर वेळोवेळी काढून घेणे भागच असते. डोक्याचा भाग मोठा असल्याने मांसाचा उतारा व्हेनामीपेक्षा कमी पडतो.

म्हणूनच संशोधन संस्थेतील यशाइतकेच महत्त्व प्रजनकांच्या नोंदी, प्रमाणित बीज आणि बीज केंद्रांच्या तपासणीला आहे. बीज केंद्रांनी पुन्हा मोजक्याच माद्यांवर भिस्त ठेवली, तर पिढ्यांच्या मेहनतीने मिळवलेले काही वर्षांत गमावले जाईल. एकदा हे घडले आहे. त्याची पुनरावृत्ती झाली, तर तळ्यावरील मच्छीमाराचा हंगाम वाया जाईल आणि लालबागचे पावसाळी ताटही रिकामेच राहील.