रोपवे आणि आईचे गुडघे

रोपवेने डोंगराची मजा जाते म्हणे. जाऊ दे की! डर्बीशायरमधल्या 'हाइट्स ऑफ अब्राहम'वर १९८४ पासून रोपवे आहे, म्हणून तर पुण्याहून आलेली आई गुडघे सांभाळत वर पोचली. खाली डरवेंट नदी दिसल्यावर तिला एकदम रायगडचा रोपवे आठवला (तो १९९६चा). वरच्या गुहांत मात्र पायऱ्याच पायऱ्या. पूर्वी तिथे शिशाच्या खाणी होत्या. आई बाहेर बाकावर बसली. मुलांनी परत येऊन आजीला मेणबत्तीच्या उजेडात खोदणारे कामगार, थंडगार ओल, सगळं रंगवून सांगितलं. ज्यांना चढायचंय त्यांनी खुशाल चढावं, पायवाट आहेच. पण आजी-नातवंडांची ही दुपार मला रोपवेमुळेच मिळाली. तिकीट महाग आहे, हे मात्र खरं.