भूतबंगल्याचे वय

परीक्षा आटोपल्या आणि शाळांना सुट्टी लागली, की सुरतेतील मोकळ्या मैदानांवर आनंदमेळे उभे राहू लागतात. आकाशपाळणा, घसरगुंड्या, नेमबाजीचे फुगे, बर्फाचे गोळे, आणि या साऱ्याच्या एका कडेला, कवटी व लाल डोळे रंगविलेल्या प्लायवुडच्या भिंतीमागे, भूतबंगला. आतून कर्ण्यावर किंकाळ्या ऐकू येत असतात आणि बाहेर तिकिटाच्या खिडकीपाशी एक नेहमीचा प्रसंग घडत असतो. थोरला आत जाण्यासाठी हट्ट धरून बसलेला, धाकटी आईच्या पदराआड, आणि वडील म्हणत असतात, "चल ग, मी आहे ना! एवढं काय घाबरायचं?" या वाक्यात माया आहे यात शंका नाही, परंतु थोडी घाईही आहे. मूल किती वर्षांचे झाले म्हणजे त्याला अशा ठिकाणी न्यावे, हा प्रश्न पालकांना दरवर्षी याच दिवसांत पडतो, आणि तोही बहुधा तिकिटे काढून झाल्यावर. तिकिटे काढण्यापूर्वीच त्याचा विचार करणे अधिक बरे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की लटक्या भीतीची गोडी मुलांत उपजतच असते. तान्ह्या बाळापुढे पदराआड तोंड लपवून आजी "बुवाऽऽ कुक!" करते, तेव्हा ते क्षणभर दचकते आणि लगेच खदखदून हसते. बापाने हवेत उंच उडवलेले मूल "आणखी, आणखी" म्हणते. आंधळी कोशिंबीर काय, पकडापकडी काय, साऱ्या खेळांत हेच रहस्य आहे: छाती धडधडावी, पण आपण सुरक्षित आहोत हे मनाला ठाऊक असावे. भूतबंगला हे याच खेळाचे मोठे रूप होय. तेव्हा मुलांना त्याचे आकर्षण वाटणे यात विकृत असे काही नाही. मात्र "आपण सुरक्षित आहोत" ही खूणगाठ मनात पक्की नसेल, तर उरते ती निव्वळ भीती. ही खूणगाठ कोणत्या वयात बांधली जाते, हाच खरा प्रश्न आहे.

याविषयी मानसशास्त्रज्ञांनी मोठे मनोरंजक प्रयोग केले आहेत. अमेरिकेत ऱ्हेटा डीव्ह्राइस या विदुषीने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुढे एक माणसाळलेले मांजर आणले. मुलांनी त्याला कुरवाळले. मग मांजराचा पुढचा भाग आडोशाला घेऊन, शेपटीकडची बाजू मुलांच्या डोळ्यांसमोरच ठेवून, त्याच्या तोंडावर उग्र कुत्र्याचा मुखवटा चढविला. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांनी मांजराचे कुत्रे झाले असेच मानले. सहा वर्षांच्या मुलांना मात्र मांजर ते मांजरच, हे कळत होते. भूतबंगल्यातील मुखवटा घातलेल्या नोकरापुढे तीन-चार वर्षांच्या मुलाची अवस्था काय होत असेल, हे यावरून ताडता येईल. आपण त्याला "अरे, तो माणूस आहे" असे सांगतो. परंतु त्याच्या लेखी माणसाचे भूत झालेले असते, आणि तेही त्याच्या डोळ्यांदेखत.

मग सहाव्या वर्षी प्रश्न सुटतो काय? तसेही नाही. इंग्लंडमधील पॉल हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना एका रिकाम्या पेटीत राक्षस आहे अशी नुसती कल्पना करण्यास सांगितले. पेटी रिकामी आहे हे मुलांनी पाहिले होते, राक्षस खोटा आहे हे ती तोंडाने सांगतही होती. तरीही त्या पेटीपाशी जावयास काही मुले कचरत होती. म्हणजे कळणे निराळे आणि मनाने मानणे निराळे. दिवसा हसून "भूतबीत काही नसतं" म्हणणारा सात वर्षांचा मुलगा रात्री न्हाणीघरापर्यंत एकटा जात नाही, याचे मर्म येथे आहे. त्याला खोटारडा किंवा भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. पुढे वयाच्या दहा-बारा वर्षांपर्यंत भुताराक्षसांची भीती पुष्कळ ओसरते आणि तिची जागा अपघात, इजा, परीक्षा, लोकांत होणारे हसे अशा वास्तव भयांनी घेतली जाते. भीती जात नाही. ती पत्ता बदलते.

यातून एक ढोबळ मोजमाप निघते. सहा वर्षांखालील मुलास भूतबंगल्यात नेऊच नये. कडेवर घेऊन तर मुळीच नव्हे, कारण तेथे त्याला डोळे मिटण्यापलीकडे काहीच करता येत नाही. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना हसरी भुते पुरेत. नऊ ते अकरा या वयात, मुलाने स्वतः होऊन मागितले तर, आईवडिलांपैकी एकाने बरोबर जावे. बारा-तेरानंतर मित्रमैत्रिणींबरोबर जाण्यास हरकत नसावी. परंतु हे आकडे पंचांगातील मुहूर्तासारखे मानू नयेत. पाच वर्षांची एखादी धीट असते आणि तेरा वर्षांचा एखादा हळवा. शिवाय घरात नुकताच मृत्यू झालेला असेल, मूल आजारातून उठलेले असेल किंवा मुळातच रात्री दचकून उठत असेल, तर वय काहीही असो, त्या वर्षी भूतबंगला नको. अपस्माराचा त्रास असणाऱ्यास लखलखणारे दिवे आणि दमेकऱ्यास आतला धूर बाधतो, हेही ध्यानात असावे.

हसरी भुते म्हणजे काय, हे मराठी रंगभूमीने आपणांस फार पूर्वी दाखवून दिले आहे. रत्नाकर मतकरी यांनी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि त्याच लेखणीने मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' हे नाटकही लिहिले. त्यातील चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर यांनी रंगविली आणि २०१८ पासूनच्या नव्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी. ती भयंकर दिसते, मुलांना धमकावते, आणि अखेरीस फजीत होते. प्रेक्षागृहात मुले ओरडतात ती भीतीने नव्हे, तर तिच्यावर मात करण्याच्या आनंदाने. मोठ्यांची भीती कोणती आणि मुलांची कोणती, हे त्या लेखकाला नेमके ठाऊक होते. जत्रेतील भूतबंगल्याला हा विवेक नसतो. त्याच्या खिडकीवर सर्वांना एकच तिकीट मिळते.

भीतीच्या या प्रमाणाविषयी डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही बोलका आहे. त्यांनी एका मोठ्या भूतघरात स्वेच्छेने आलेल्या ११० जणांच्या हृदयाची गती यंत्रांनी मोजली आणि त्यांना किती भीती व किती मजा वाटली हे विचारले. भीती फार थोडी तर मजा थोडी; फार झाली तरीही मजा थोडी; सर्वांत अधिक आनंद मधल्या पायरीवर. सुग्रणीला हे सांगावयास नको: तिखट बेताचे असेल तरच जेवण रुचते, आणि तेही जेवणाऱ्याच्या जिभेला विचारून घालावे लागते.

येथवर झाली ती भूतबंगल्याची गोष्ट. पण माझ्या मते मुलाची तयारी मैदानावर ठरतच नाही. ती घरात ठरते. "जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल" असे वर्षभर सांगावयाचे आणि मेळ्यात मात्र "भूतबीत काही नसतं, चल आत" म्हणावयाचे, यातील कोणते वाक्य मुलाने खरे धरावे? सुट्टीत ताप्ती लाईनच्या गाडीने नंदुरबार, अमळनेरकडे गेलेली आपली मुले ओट्यावर हडळीच्या आणि मुंज्याच्या गोष्टी ऐकतात. परत आल्यावर डुमसच्या किनाऱ्याच्या गोष्टी ऐकतात. डुमसची वाळू काळी, रात्री तेथे कोणी कुजबुजते, पूर्वी तेथे स्मशान होते, असे सांगितले जाते. दिवसा त्याच किनाऱ्यावर आपण टोमॅटोची भजी खातो आणि वाळूचा काळेपणा तिच्यातील लोहयुक्त खनिजांचा आहे. नरकचतुर्दशीला गुजराती शेजारी काळी चौदस पाळतात व चौकात वडे ठेवून घरातील ककळाट बाहेर काढतात. ती प्रथा मुलांना कशी समजावून द्यावयाची, हेही आपणच ठरवावे लागते. रबराचे भूत मुलाला फारसे बाधत नाही. आईवडील ज्या भुताविषयी आवाज खाली करून बोलतात, ते भूत बाधते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण आपण मुलांना ऐकवतो. पण तो राक्षस पुष्कळदा आपणच पाठीमागे लावून दिलेला असतो.

या बाबतीत सुरतेला लाजण्याचे कारण नाही. याच शहरात २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. तिचे अग्रणी दुर्गाराम मेहताजी हे सुरतेचे शाळामास्तर. आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते, त्या वेळी येथेच शिक्षक असलेले, मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. या सभेने भूतपिशाच आणि मंत्रतंत्र यांवर उघड हल्ला चढविला व मांत्रिकांनी आपली विद्या सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवावी, असे जाहीर आव्हान दिले. एक गुजराती आणि एक मराठी असे दोन शिक्षक पावणेदोनशे वर्षांपूर्वी एवढे निर्भयपणे बोलू शकले, तर आपण आपल्या लिंबायत-उधन्याच्या घरांत मुलांना निदान एवढे सांगू शकतो, की गोष्टीतले भूत गोष्टीतच राहते आणि घरात कोणी भगत किंवा भुवा बोलाविला जाणार नाही. ज्या घरात हे स्पष्ट आहे, तेथील मूल भूतबंगल्यातून हसत बाहेर येण्याचा संभव पुष्कळच अधिक.

आता प्रत्यक्ष जावयाचे ठरले, तर काही गोष्टी पाळाव्यात. मुलाला आधी सांगावे, की आत अंधाराची वळणे आहेत, जांभळ्या दिव्यात चमकणारे रंग आहेत, तारेवर झुलणारा सांगाडा आहे, हवेचा एकदम येणारा झोत आहे, आणि मुखवटा घातलेला, पगारावर काम करणारा माणूस आहे. एवढ्याने मजा जात नाही. जादूगाराची युक्ती ठाऊक असूनही आपण टाळ्या वाजवतोच. त्याहून उत्तम उपाय म्हणजे एका संध्याकाळी घरीच चादरी, बॅटरी आणि पुठ्ठ्याचे मुखवटे घेऊन मुलांनाच भूतबंगला करावयास लावणे. ज्याने भूत बनवले, त्याला भूत सहसा छळत नाही.

दुसरे, मुलाचा "नको" हा शेवटचा शब्द मानावा, मग तो दारात आलेला असो वा आत अर्ध्या वाटेवर. हात दोनदा दाबला की परत फिरावयाचे, अशी खूण आधीच ठरवावी, आणि फिरावे लागले तर तिकिटाच्या पैशांविषयी चकार शब्द काढू नये. "मुलगा असून घाबरतोस?" हे वाक्य तर घरातून कायमचे हद्दपार करावे. ढकलून आत नेलेले मूल धीट होत नाही. भीतीच्या क्षणी वडिलांनी आपला हात सोडला, एवढेच ते शिकते. भूत आठ दिवसांत विसरले जाते. हे मात्र विसरले जात नाही.

तिसरी गोष्ट मोठ्यांनी भिण्याची आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी येथील मनोरंजन उद्यानात ११ मे १९८४ रोजी एका भूतमहालाला आग लागून आठ किशोरवयीन मुलांचा अंत झाला. अंधारी वाट, पेट घेणारा फोम, आणि पाणी फवारणारी यंत्रणा नाही. आपल्या सुरतेने २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये बावीस विद्यार्थी गमावले, आणि २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या खेळकेंद्रातील आगीने २७ बळी घेतले. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी बापाने एकदा मंडपाला फेरी मारावी: बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोठे आहे, अग्निशामक नळकांडी दिसतात काय, तारा उघड्या लोंबत आहेत काय, आत एका वेळी किती माणसे सोडतात. समाधान झाले नाही तर मुलाचा हट्ट कितीही असो, आकाशपाळण्याकडे वळावे. रबराच्या भुताला भिऊ नको म्हणून मुलाला सांगणाऱ्याने लोंबत्या तारेला भ्यावयास शिकले पाहिजे.

आणि मूल जाऊन आले, रात्री दचकून उठलेच, तर त्याला हसू नये व भूत हाकलण्याचे नाटकही करू नये. कारण हाकलले म्हणजे ते होते असा अर्थ होतो. दिवा लावावा, पाणी द्यावे, जवळ बसावे, आणि सकाळी उजेडात "ते कसं केलं असेल रे?" म्हणून त्याच्याशी त्या सांगाड्याची चर्चा करावी. दोन-तीन आठवडे झोप लागेना, शाळेत जाण्यास किंवा एकटे राहण्यास ते तयार होईना, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

भूतबंगल्याच्या खिडकीवर वयाचा दाखला कोणी मागत नाही. तो घरात तपासावा लागतो, आणि त्यावर जन्मतारखेबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: मुलाला खोटे आणि खरे यांतील भेद कळतो काय, ते "नको" म्हणू शकते काय, आणि ते "नको" म्हणाले तर आपण ऐकतो काय. पहिल्या दोन गोष्टी वयाबरोबर येतात. तिसरी आपल्या हाती आहे.